यूएसबी सारखं तुटतंय म्हणून बोर्ड बदलताय? आधी पोर्ट कुठून आलाय ते बघा

लक्षण असं. गेम चालू असताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये किंवा रेकॉर्डिंग करताना विंडोजचा तो ‘काहीतरी निघालं’वाला आवाज येतो, माउस दोन-तीन सेकंद मरतो आणि ‘काहीतरी जोडलं’वाला आवाज होऊन परत जिवंत होतो. कधी माउसऐवजी कीबोर्ड, कधी वेबकॅम, कधी बाहेरून लावलेला ऑडिओ इंटरफेस (माइक, वाद्य संगणकाला जोडणारं खोकं). आठवडाभर काही होत नाही आणि मग एखाद्या संध्याकाळी तासाभरात चारदा होतं. पुण्यात स्वतःचे पीसी स्वतः जोडणाऱ्या आमच्या मंडळींत हा प्रश्न फिरून फिरून येतो, आणि त्याची शेपटीही ठरलेली असते: ‘दादा, बी५५० बोर्ड आहे. वैताग आलाय. बी८५० घेऊ का? की सरळ इंटेलवर जाऊ?’

बी५५०, बी८५० ही एएमडीच्या चिपसेटची, म्हणजे बोर्डावर यूएसबी, डिस्क वगैरे सांभाळणाऱ्या चिपची नावं. बी८५० घ्यायला माझा विरोध नाही. यूएसबी तुटतंय म्हणून घ्यायला आहे. एकतर ज्या पोर्टला तुमचा माउस लावलाय तो चिपसेटमधून निघालेलाच नसेल. शिवाय बी८५० हे नाव जानेवारी २०२५ मधलं असलं तरी आतली चिप बी६५० सोबत ऑक्टोबर २०२२ मध्ये आली तीच आहे. आणि बी५५० सोडून बी८५० घ्यायचा म्हणजे नुसता बोर्ड नाही, प्रोसेसर आणि रॅमही बदलायची. २०२५ च्या अखेरीपासून डीडीआर५ चे भाव ज्या तऱ्हेने चढलेत ते पाहता एवढा खर्च एका माउसपायी कुणी करू नये. तेव्हा आधी बिघाड शोधू, खरेदीचं मागून बघू.

संशय उगाच नाही

जुन्या लोकांना चिपसेटची धास्ती असते आणि तिला कारणं आहेत. २००१ च्या सुमारास व्हिया कंपनीच्या ६८६बी साउथब्रिजवर (चिपसेटमधली डिस्क, यूएसबी सांभाळणारी चिप) साउंड ब्लास्टर लाइव्ह कार्ड लावलेलं असलं आणि एका आयडीई चॅनेलवरून दुसऱ्यावर मोठी फाइल कॉपी केली, की फाइल खराब व्हायची. त्या काळात रॅमचा कंट्रोलर नॉर्थब्रिजमध्ये, म्हणजे चिपसेटच्या दुसऱ्या चिपमध्ये असायचा, त्यामुळे चिपसेट बदलला की मशिनचा वेगसुद्धा बदलायचा. व्हिया, एसआयएस आणि नव्याने उतरलेल्या एनव्हिडियाचा एनफोर्स यांच्यात लोक तासन्‌तास तोलत बसायचे ते त्यामुळेच. त्या तोलण्याला अर्थ होता.

पुढे अथलॉन ६४ ने २००३ मध्ये रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नेला, इंटेलने २००८ मध्ये नेहेलेमच्या वेळी तेच केलं, मग ग्राफिक्स कार्डाच्या लेनही (डेटा ये-जा करायच्या वाटा) प्रोसेसरमध्ये गेल्या. आज ज्याला आपण चिपसेट म्हणतो तो जुना साउथब्रिजच: साटा, यूएसबी, थोड्या पीसीआयई लेन. गेममधले फ्रेम त्याने ना वाढतात ना घटतात.

पण त्या उरलेल्या कामातही चुका झाल्यात. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने सँडी ब्रिजबरोबरच्या ६-मालिकेतल्या चिपसेटची विक्री थांबवली, कारण ३ गिगाबिटचे साटा पोर्ट काळानुसार कमजोर पडत जात होते. सुधारलेली बी३ आवृत्ती आल्यावरच गाडी रुळावर आली. २०१३ मध्ये हॅसवेलसोबतच्या ८-मालिकेत सी१ आवृत्तीच्या चिपवर मशिन स्लीपमधून उठलं की काही यूएसबी ३.० पेनड्राइव्ह गायब व्हायचे. तेही सी२ मध्ये दुरुस्त झालं.

या दोन्हींत एक गोष्ट सारखी होती, आणि निदान करताना तीच कामाला येते. चिपसेटचा दोष असला की तो त्या आवृत्तीच्या बोर्डांवर एकाच पद्धतीने दिसतो. अमुक पोर्ट, अमुक वेळ, अमुक कृती. तुमचा माउस मात्र कधी तुटतो, कधी नाही, आणि तोच बोर्ड घेतलेल्या मित्राकडे वर्षभरात एकदाही नाही, तर संशयाची सुई चिपसेटवरून थोडी हलवायला हरकत नाही.

२०२१ चं प्रकरण, ज्यामुळे बी५५० बदनाम झाला

फेब्रुवारी २०२१ मध्ये एएमडीने जाहीरपणे मान्य केलं की ५००-मालिकेच्या चिपसेटवर काही जणांना यूएसबी अधूनमधून तुटण्याचा त्रास होतोय. तक्रारी ठरावीक होत्या: पोर्ट मध्येच गळणं, यूएसबी २.० वरच्या बाहेरच्या साउंड उपकरणांत कडकड आवाज, आणि पीसीआयई ४.० चालू असताना होणारा गोंधळ. व्हीआर हेडसेटवालेही पिडले गेले. इलाज एजेसा १.२.०.२ या एएमडीच्या कोडमध्ये होता, आणि तो असलेली बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) त्याच वर्षी एप्रिलपासून बोर्डांसाठी यायला लागली.

हे सविस्तर सांगतोय कारण पुण्यातले कितीतरी बी५५० आणि एक्स५७० आजही पहिल्या दिवशीच्या बायोसवर चालतात. बोर्ड कोविडच्या काळात घेतलेला, दुकानदाराने विंडोज टाकून दिलं, त्यानंतर कुणी बायोसकडे फिरकलं नाही. मशिन चालू करताना डिलीट की दाबून बायोसमध्ये जा आणि तारीख बघा. एप्रिल २०२१ च्या आधीची असेल तर पुढचं सगळं वाचायच्या आधी ती अद्ययावत करा. अनेकांचा प्रश्न इथेच संपतो.

एक स्थानिक सूचना: हे काम गुरुवारी करू नका. दुरुस्तीसाठी लाईट जाण्याचा वार आहे, आणि बायोस लिहिताना लाईट गेली तर बोर्ड बसलाच. यूपीएस असेल तर बॅटरी खरोखर टिकते का ते आधी बघून घ्या. पाच वर्षं जुन्या बॅटरीचा यूपीएस म्हणजे नुसता जड एक्स्टेंशन बोर्ड. बायोस लिहून झाल्यावर रॅमची एक्सएमपी सेटिंगं (रॅम वरच्या वेगावर चालवणारी) उडतात, ती परत लावावी लागतात, पण लगेच लावू नका. का, ते पुढे येतंय.

झाड बघा

आता खरं निदान. डिव्हाइस मॅनेजर उघडा, वरच्या ‘व्ह्यू’ मेनूतून ‘डिव्हाइसेस बाय कनेक्शन’ निवडा. नेहमीची गटवार यादी जाऊन एक झाड दिसेल: कोण कुणाला लटकलंय त्याचं. त्यात तुमचा माउस किंवा इंटरफेस शोधा आणि त्याच्या फांदीवरून वर वर चढत जा.

एएमडीच्या मशिनवर वाटेत ‘पीसीआय एक्स्प्रेस अपस्ट्रीम स्विच पोर्ट’ लागला तर तो पोर्ट चिपसेटमधून आलाय. तसं काही न लागता यूएसबीचा होस्ट कंट्रोलर थेट रूट पोर्टखाली असेल तर तो प्रोसेसरमधून आलाय. मध्ये आणखी एखादा ‘हब’ दिसला तर बोर्ड बनवणाऱ्याने स्वस्तात पोर्ट वाढवायला मध्ये छोटी हब चिप टाकलीय; ती ना एएमडीची ना इंटेलची, आणि बिघाडाच्या गोष्टीत तिचं नाव कुणी घेत नाही.

एएमडीच्या रायझन ३००० आणि ५००० च्या प्रोसेसरमधून १० गिगाबिटचे चार यूएसबी पोर्ट थेट येतात. बी५५० चिपसेट त्याशिवाय १० गिगाबिटचे दोन, ५ गिगाबिटचे दोन आणि यूएसबी २.० चे सहा देतो. एएम५ वर (रायझन ७००० पासूनचं सॉकेट) प्रोसेसर १० गिगाबिटचे चार आणि एक यूएसबी २.० देतो, बाकीचे चिपसेटचे. मागच्या पट्टीवर हे सगळे एकाच ओळीत शेजारी-शेजारी बसवलेले असतात. रंगावरून वेग कळतो, घराणं कळत नाही. ते कळायला हे झाड, नाहीतर मॅन्युअलमधली ब्लॉक आकृती. सगळेच उत्पादक ती छापत नाहीत. जे छापतात त्यांच्याबद्दल माझं मत आपोआप चांगलं होतं.

चिपसेटचे पोर्ट, साटाच्या हार्डडिस्क, बहुतेक वेळा दुसरी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), नेटवर्क आणि वायफाय हे सगळे प्रोसेसरपर्यंत एकाच दुव्यावरून जातात. बी५५० वर तो दुवा पीसीआयई ३.० च्या चार लेनचा, म्हणजे सेकंदाला साधारण ४ गिगाबाइटचा. डेक्कनच्या बाजूने पेठांत शिरणाऱ्या प्रत्येकाने लकडी पुलावरूनच जायचं ठरवलं तर जे होईल ते इथे दुसऱ्या एनव्हीएमईवर शंभर गिगाबाइटचं कॉपी चालू असताना होतं. माउसचा डेटा चिमूटभर असतो, तो सहसा पोचतो. ऑडिओ आणि व्हिडिओ कॅप्चरवाल्यांना मात्र तेवढ्यानेही कडकड ऐकू येते. पण नीट लक्षात घ्या, गर्दीने आवाज अडखळतो. गर्दीने उपकरण ‘निघालं’ असा आवाज होत नाही. तो झाला तर कारण विजेचं, सिग्नलचं किंवा कंट्रोलर रीसेट होण्याचं आहे.

आता चाचणी. त्रास देणारं उपकरण दुसऱ्या घराण्याच्या पोर्टला लावा: चिपसेटवर होतं तर प्रोसेसरच्या, प्रोसेसरवर होतं तर चिपसेटच्या. मागच्या बाजूला, मध्ये हब किंवा एक्स्टेंशन न घालता. आणि नेहमीसारखं वापरा, घाई नको. फक्त चिपसेटच्या पोर्टवरच तुटत असेल तर गोष्ट तिथेच अडकलीय; तो पोर्ट साध्या कामाला ठेवा आणि महत्त्वाचं उपकरण प्रोसेसरच्या पोर्टवर कायमचं हलवा. हा तात्पुरता जुगाड नाही, पूर्ण वैध इलाज आहे. एकच उपकरण दोन्हीकडे तुटत असेल तर ते उपकरण किंवा त्याची केबल. सगळीच उपकरणं दोन्हीकडे तुटत असतील तर चिपसेट जवळपास सुटला. पुढचा भाग तुमच्यासाठी.

कुठलं उपकरण किती वाजता गळलं ते पाहायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘इव्हेंट्स’ नावाचा टॅब आहे. त्या वेळा फ्रिजच्या कॉम्प्रेसरशी, बोअरच्या मोटारीशी किंवा लिफ्टशी जुळतात का बघा. हसू नका.

रॅम जोरात पळवली की यूएसबी का तुटतं

हा भाग सर्वांत जास्त वेळा निसटतो म्हणून जरा थांबतो.

रायझन ३००० पासून डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये (जी अक्षराचे सोडून) कोअर वेगळ्या तुकड्यावर आणि बाकीची देवाणघेवाण वेगळ्या तुकड्यावर असते. या दुसऱ्या तुकड्याला आय/ओ डाय म्हणतात. रॅमचा कंट्रोलर तिथेच, पीसीआयईच्या लेन तिथेच, प्रोसेसरचे यूएसबी पोर्टही तिथेच, आणि चिपसेटकडे जाणारा दुवाही तिथूनच निघतो. म्हणजे रॅमसाठी जो वेग आणि जो व्होल्टेज तुम्ही वाढवता तो यूएसबीच्याच घरात वाढवता.

रायझन ५००० वर डीडीआर४-३६०० आणि त्याच्या जोडीला फॅब्रिकचा (प्रोसेसरमधले तुकडे जोडणाऱ्या वाटेचा) वेग १८००, हे सुखाचं गणित आहे. काही उत्साही मंडळी फॅब्रिक १९०० च्या वर नेतात. मशिन सुरू होतं, बेंचमार्क पार पडतो, गडी खूश. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’ची १९ क्रमांकाची नोंद जमायला लागते (ही व्हिया चिपसेटवाली नाही, विंडोजची हार्डवेअर चुकांची वही आहे), आणि बाहेर दिसतं एवढंच की इंटरफेस मध्येच गळतो. १७ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या तर पीसीआयईच्या रस्त्यावर चुका होऊन दुरुस्त होतायत असं समजा.

म्हणून वर म्हटलं की बायोस लिहून झाल्यावर एक्सएमपी किंवा एक्स्पो (एएमडीची एक्सएमपी) लगेच लावू नका. काही दिवस रॅम मूळ वेगावर चालवा. तुटणं थांबलं तर गुन्हेगार सापडला. मग एक्सएमपी लावून फॅब्रिक हाताने १८०० ठेवा. एएम५ वाल्यांनी एसओसी (आय/ओ डायचा) व्होल्टेजही बघावा. २०२३ मध्ये रायझन ७००० चे एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली, आणि त्याआधीची बायोस अजून चालवत असाल तर यूएसबी ही तुमची सगळ्यात छोटी काळजी आहे.

पीसीआयई ४.० चंही असंच. ग्राफिक्स कार्ड उभं बसवण्यासाठी रायझर केबल घेतलीय आणि ती ३.० ची आहे, पण बायोसमध्ये स्लॉट ‘ऑटो’वर. कार्ड ४.० चं असलं की दोघं ४.० वर हातमिळवणी करायला जातात आणि रस्त्यात ठेचकाळतात. स्लॉट ३.० वर ठेवा. २०२१ मध्ये एएमडीने तात्पुरता म्हणून सुचवलेला उपायही हाच होता, आणि दुसरा ‘ग्लोबल सी-स्टेट’ बंद करण्याचा. दुसऱ्याने मशिन नुसतं बसलेलं असताना विजेचा खप थोडा वाढतो, म्हणून तो निदानापुरता वापरा. ५६००जी वगैरे प्रोसेसर मुळात ३.० च आहेत, त्यांनी या सेटिंगात वेळ घालवू नये.

विंडोजच्या बाजूने दोन कामं, पटकन. पॉवर प्लॅनमधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, आणि ‘फास्ट स्टार्टअप’ही. फास्ट स्टार्टअप चालू असताना ‘शटडाऊन’ म्हणजे पुरतं बंद होणं नसतं, कर्नल झोपवून ठेवलेला असतो, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी तसाच अडकलेला उठतो. चिपसेटचे ड्रायव्हर एएमडी किंवा इंटेलच्या संकेतस्थळावरून घ्या, बोर्डासोबत आलेल्या सीडीवरून नको.

कॅबिनेट, भिंत आणि खुर्ची

कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवरून तुटत असेल तर मागच्या पोर्टला लावून बघा. पुढच्या पोर्टपर्यंत बोर्डावरून एक केबल जाते. स्वस्त कॅबिनेटमध्ये ती इतकी सुमार असते की ५ गिगाबिटचा सिग्नल शेवटच्या टोकाला अर्धमेला पोचतो. अडीच इंची बाहेरची हार्डडिस्क पुढे लावायचीच नाही. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००, आणि डिस्क फिरायला सुरुवात करताना एकदम जोर मागते. माउस तुटला तर चिडचिड होते. डिस्क तुटली तर फोटो जातात.

वायरलेस माउस अडखळतोय आणि विंडोजचा आवाज मात्र येत नाही, असं असेल तर ते तुटणं नाहीच. यूएसबी ३.० चा पोर्ट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतो. २०१२ मध्ये इंटेलने स्वतः यावर माहितीपत्र काढलं होतं. माउसचं रिसीव्हर मागे निळ्या पोर्टला, शेजारी ३.० चा पेनड्राइव्ह, आणि वर सोसायटीतल्या वीस फ्लॅटांचे वायफाय. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून यूएसबी २.० ची छोटी एक्स्टेंशन वायर आणा आणि रिसीव्हर टेबलावर आणून ठेवा. यासाठी नवा चिपसेट घेतलेला माणूस मी बघितलाय. अडखळणं नव्या बोर्डवरही चालूच होतं.

अर्थिंग. पेठांतल्या जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या कितीतरी खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, तिसऱ्या भोकामागे मात्र काही नसतं. कॅबिनेटच्या पत्र्याला उलट्या हाताने स्पर्श केला की झिणझिण्या येतात का? एसएमपीएसमधले फिल्टर कपॅसिटर गळतीचा बारीक प्रवाह अर्थकडे सोडत असतात. अर्थ नसली की तो पत्र्यावर साचतो आणि पत्रा साधारण निम्म्या व्होल्टेजवर तरंगतो. प्रवाह क्षीण असतो, पण यूएसबी केबलचं बाहेरचं जाळं त्याच पत्र्याला जोडलेलं असतं, आणि दुसऱ्या सॉकेटवर चालणारा मिक्सर किंवा ॲम्प्लिफायर त्याच इंटरफेसला जोडलात की तो फरक केबलमधून वाहायला लागतो. घरी गाण्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांना गुणगुण ऐकू येते ती बहुधा हीच. वायरमनला बोलवा आणि तिसरी तार खरोखर कुठे जाते ते तपासून घ्या. पाण्याच्या नळाला अर्थ जोडून देतो म्हणणाऱ्याला परत पाठवा.

डिसेंबर-जानेवारीत पुण्याची हवा कोरडी पडते आणि तेव्हा खुर्चीचा मामला सुरू होतो. खुर्चीतून उठलं की त्याच क्षणी कीबोर्ड तुटतो किंवा मॉनिटर काळा होतो. साचलेला स्थिर विद्युतभार आणि गॅसच्या दांड्याच्या खुर्चीतून उडणारा स्पाइक, दोन्ही केबलमध्ये शिरतात. केबल जाडजूड आणि आखूड घ्या, फेराइटचा मणी असलेली मिळाली तर उत्तम. पावसाळा लागला की हा त्रास आपोआप जातो, आणि त्या दरम्यान ज्याने बोर्ड बदललेला असतो तो शपथेवर सांगतो की बोर्डामुळे गेला.

एवढं करून बोर्ड घ्यायचाच असेल तर

बी६५०, बी८५०, एक्स८७० या तिन्हींत प्रॉमंटरी २१ नावाची एकच चिप आहे. नावात ‘ई’ असलेल्या एक्स८७०ई मध्ये आणि एक्स६७० मध्ये तीच चिप एकामागे एक अशा दोन. यूएसबीचा कंट्रोलर, त्याचे ड्रायव्हर, त्याच्या खोडी, सगळं सारखं. मग फरक कशात? बी८५० वर एनव्हीएमईचा एक स्लॉट पीसीआयई ५.० असणं बंधनकारक आहे, ग्राफिक्सचा नाही. एक्स८७० वर दोन्ही बंधनकारक, शिवाय यूएसबी४ हवंच. हे यूएसबी४ वेगळ्या चिपमधून येतं आणि त्यासाठी प्रोसेसरच्या चार लेन लागतात, त्या बऱ्याच बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटशी वाटून घेतलेल्या असतात. म्हणजे दुसरी एनव्हीएमई लावली की यूएसबी४ मंदावतं किंवा बंद होतं. ज्यांना यूएसबी४ नको, आणि पुण्यात त्याचं उपकरण असलेला माणूस शोधावा लागतो, त्यांनी एक्स८७० चे जादा पैसे देऊ नयेत. बी६५० चांगल्या भावात मिळत असेल तर तो ‘जुना’ म्हणून सोडण्यात शहाणपण नाही. दुवा इथे पीसीआयई ४.० च्या चार लेनचा आहे, बी५५० च्या दुप्पट, आणि तो तिन्हींवर तोच.

इंटेलकडे चित्र वेगळं आहे. साधे यूएसबी पोर्ट सगळेच्या सगळे चिपसेटमधून येतात. कोअर अल्ट्रा २०० च्या प्रोसेसरमध्ये थंडरबोल्ट तेवढं थेट. त्यामुळे वर सांगितलेली ‘दुसऱ्या घराण्याच्या पोर्टला हलवा’ ही युक्ती तिथे चालत नाही. पण खरं सांगायचं तर तिची गरजही कमी पडते. इंटेलचा यूएसबी कंट्रोलर कंटाळवाणा आहे आणि यूएसबीने कंटाळवाणंच असावं. ऑडिओचं काम हाच पोटापाण्याचा धंदा असेल आणि नवं मशिन शून्यातून बांधायचं असेल तर मी बी८६० कडे झुकेन. बी-मालिकेत चिपसेटचा दुवा चार लेनचा, झेड८९० मध्ये आठ लेनचा. तीन-चार एनव्हीएमई भरणार असाल तरच हा फरक जाणवेल.

बी७६० स्वस्त आहे आणि त्याचे डीडीआर४ वाले बोर्डही आहेत, म्हणजे जुनी रॅम चालते. सध्याच्या भावांत हा मुद्दा मोठा आहे. मात्र १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांना जादा व्होल्टेजने कायमचं नुकसान होत होतं. ०एक्स१२बी हा सप्टेंबर २०२४ चा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) किंवा त्यानंतरचा असलेली बायोस टाकल्याशिवाय ते मशिन दुसऱ्या दिवशीही चालवू नका. आणि सेकंडहँड आय७, आय९ तर नकोच, आधीच्या मालकाने काय केलंय ते त्यावर लिहिलेलं नसतं.

माझ्यासारखा बी५५० धरून बसलेला माणूस काय करेल? ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी बऱ्या किमतीत हाती लागला तर तोच बोर्ड, तीच रॅम, नवी बायोस, आणि इंटरफेस प्रोसेसरच्या पोर्टला. एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने म्हटलंय, तेव्हा त्या गाडीत चढायची घाई नाही. रॅम उतरेपर्यंत थांबता येतं.

आणि दुकानात गेलातच तर खोक्यावरचा आकडा नीट वाचा. बी८४० हा बी८५० चा धाकटा भाऊ वाटतो, पण तो त्या घरातला नाही: चिपसेटकडून मिळणाऱ्या लेन पीसीआयई ३.० च्या, आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. दोघांच्या किमतीत फार अंतर नसेल तर बी८४० घेऊ नका. मॅन्युअल आधी डाउनलोड करा, मागच्या कुठल्या पोर्टपुढे ‘सीपीयू’ आणि कुठल्यापुढे ‘चिपसेट’ लिहिलंय ते मोबाइलवर दाखवून विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तरी चालेल. मॅन्युअलमध्येच लिहिलेलं नसेल तर शेजारचं खोकं बघा.